धुराची चौथी भिंत

अमेरिकेतल्या ॲपलाचियन ट्रेलच्या इतिहासाची पुस्तकं माझ्याकडे फळीभर आहेत आणि त्यांत भांडणांना तोटा नाही. बेंटन मॅकाय या वनशास्त्रज्ञाने ऑक्टोबर १९२१ मध्ये वास्तुरचनाकारांच्या एका नियतकालिकात या लांबलचक पायवाटेची कल्पना मांडली. मायरन एव्हरी या हट्टी वकिलाने ती जमिनीवर उतरवली. डोंगरमाथ्यावरून मोटारीचा रस्ता न्यायचा की नाही, यावरून १९३५ च्या सुमारास दोघांचं असं फाटलं की पुन्हा जुळलंच नाही. हे सगळं पत्रव्यवहारासकट वाचायला मिळतं. माश्या मात्र एखाद्या ओळीत येतात आणि जातात.

मी न्यू हॅम्पशायरमध्ये राहते आणि जूनमध्ये डोंगरात चालते, त्यामुळे हे मला खटकतं. इकडे म्हणतात की मेमधल्या मातृदिनापासून जूनमधल्या पितृदिनापर्यंत ब्लॅकफ्लायचं राज्य. तिळाएवढी, पाठीला कुबड असलेली ही माशी. तिच्या अळ्या वाहत्या, स्वच्छ पाण्यात वाढतात, म्हणजे ओढा जितका निर्मळ तितका त्रास जास्त. ती दिवसा चावते. कानामागे, केसांच्या कडेला, टोपीच्या पट्ट्याखाली. चावताना कळत नाही, गळ्यावर रक्ताचा ओघळ आला की कळतं. तिचा जोर ओसरेपर्यंत डास भरात आलेले असतात, त्यांच्या जोडीला जाळीच्या भोकांतूनही आत शिरणारी चिलटं, आणि जुलैत डोक्याभोवती गरगरत राहणारी गोमाशीच्या कुळातली डिअरफ्लाय. चौदा राज्यांतून जाणाऱ्या या सुमारे साडेतीन हजार किलोमीटरच्या वाटेवर कोणी कधी निघायचं, कुठल्या टोकाकडून निघायचं, कुठे झोपायचं आणि अंगाला काय फासायचं, यात माझ्या मते मॅकाय आणि एव्हरी यांच्याइतकाच या प्राण्यांचाही शब्द चालला आहे.

ट्रेल नव्हती तेव्हापासून हे असंच. हेन्री डेव्हिड थोरो मेन राज्यातल्या जंगलात तीनदा गेला. १८४६ साली तिथला कटाडिन डोंगर चढायला निघाला तो ऑगस्टच्या अखेरीस, आणि लिहून ठेवलं की भर उन्हाळ्यात माश्या, डास नि चिलटांमुळे या जंगलात प्रवास जवळजवळ अशक्य असतो, आता त्यांचा अंमल संपत आलाय. १८५३ मध्ये सप्टेंबर. तिसऱ्या खेपेला, १८५७ मध्ये, तो जुलैत गेला आणि सोबत एक बाटली नेली: गोडं तेल, टर्पेंटाइन, थोडं पुदिन्याचं तेल आणि कापूर. वापरून झाल्यावर त्याचं मत असं पडलं की रोगापेक्षा इलाजच वाईट.

त्या प्रवासातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा तपशील जो पॉलिस या पेनॉब्स्कॉट वाटाड्याचा आहे. जंगलातल्या माणसाला डास चावत नाहीत, त्याची कातडी निबर असते, असं शहरातल्यांना वाटतं. सह्याद्रीतल्या धनगरांबद्दलही हेच ऐकत मी वाढले. पॉलिसने थोरोचं औषध लावायला नकार दिला, कातडी खराब होईल म्हणून. तोंडावर घ्यायला त्याच्याकडे जाळीही नव्हती. मग थोरो आणि त्याच्या सोबत्यापेक्षा जास्त त्रास त्यालाच झाला. रात्री रुमालाने तोंड बांधून, डोक्यावरून घोंगडी घेऊन तो शेकोटीच्या धुरात आडवा झाला आणि पाइप पेटवून घोंगडीच्या आत धूर सोडत राहिला.

बारा वर्षांनी, १८६९ मध्ये, विल्यम मरे या बॉस्टनच्या तरुण धर्मोपदेशकाने न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक जंगलावर पुस्तक लिहिलं. तिथली हवा क्षयरोग्यांना बरं करते असा त्याचा दावा होता आणि ब्लॅकफ्लायचा बाऊ उगाच केला जातो, असाही. पुस्तक धडाक्यात खपलं. रेल्वेने, घोडागाडीने माणसांचे लोंढे जंगलात आले. तो उन्हाळा नेमका थंड आणि पावसाळी निघाला, माश्यांनी कोणाला सोडलं नाही, आणि आलेल्यांना ‘मरेचे मूर्ख’ हे नाव चिकटलं. तरी पर्यटन थांबलं नाहीच. जाहिरातीत माशी न दाखवण्याची रीत मात्र तेव्हापासून आजतागायत पाळली जाते.

माश्यांच्या औषधाचा खरा कारागीर निघाला जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स. पेनसिल्व्हेनियातल्या वेल्सबरो गावचा हा चांभार, अंगाने किरकोळ, ‘नेसमक’ या टोपणनावाने लिहायचा. १८८३ मध्ये साडेदहा पौंडांच्या होडीतून, म्हणजे पाच किलोही नाही, त्याने ॲडिरॉन्डॅकची सरोवरं पालथी घातली. १८८४ च्या ‘वुडक्राफ्ट’ या पुस्तकात त्याने आपलं माश्यांचं मलम दिलं आहे: पाइनच्या लाकडाचं डांबर तीन औंस, एरंडेल दोन औंस, पेनिरॉयल या पुदिन्याच्या भाऊबंदाचं तेल एक औंस, मंद आचेवर शिजवून बाटलीत भरायचं. ते चेहऱ्यावर आणि हातांवर चोळायचं, रोज वरून थोडं लावत जायचं, आणि मुख्य म्हणजे धुवायचं नाही. काही दिवसांनी कातडीवर तुकतुकीत थर चढतो. नेसमक आठवडेच्या आठवडे असा राहायचा. साबण हा त्याच्या दृष्टीने जंगलातला शत्रू.

हे मलम मी घरी करून पाहिलं आहे. वास पावसाळ्यापूर्वी डांबर लावलेल्या पत्र्याचा, आणि शर्टाचा निघत नाही तो नाहीच. पण त्यामागे विचार होता. उडून जाणारं तेल तासाभरात संपतं. डांबर आणि एरंडेल त्याला कातडीवर धरून ठेवतात. होरेस केपहार्टच्या १९०६ च्या छावणीशास्त्रावरच्या पुस्तकापर्यंत अशा कृतींची यादीच झाली होती. आपल्या गवती चहाच्या जातीच्या गवताचं, सिलोन आणि जावाहून येणारं सिट्रोनेला तेलही त्या काळात या बाटल्यांत शिरलं.

ट्रेल आखली जात होती तेव्हा मॅकायच्या मूळ कल्पनेत उत्तरेचं टोक न्यू हॅम्पशायरमधलं माउंट वॉशिंग्टन होतं. मेन फार दूर, फार रानटी. एव्हरी मेनचाच, त्याने वाट कटाडिनपर्यंत नेण्याचा हट्ट धरला. त्याने काय केलं, तर मासेमारीला येणाऱ्यांसाठीच्या लाकडी वस्त्या आणि लाकूडतोड्यांचे सोडून दिलेले रस्ते एकमेकांना जोडले. सायकलच्या चाकाचं मोजयंत्र ढकलत तो कटाडिनवरून निघाला तो ऑगस्ट १९३३ मध्ये. सगळी वाट जोडून झाली १४ ऑगस्ट १९३७ रोजी, मेनमध्येच. पुन्हा ऑगस्ट. सुट्ट्यांचाही भाग असेल, पण मेनमध्ये जूनमध्ये मोजमाप करायचा उत्साह मेनच्या माणसाला नसतो.

१९४८ मध्ये अर्ल शेफर युद्धाचा शीण उतरवायला जॉर्जियातून ४ एप्रिलला निघाला आणि एकट्याने, एका दमात, ५ ऑगस्टला कटाडिनवर पोचला. तेव्हापासून दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणं हीच वहिवाट झाली. कारण म्हणून वसंताचं नाव सांगतात. व्यवहारात असं, की या गतीने मेन गाठेपर्यंत ब्लॅकफ्लाय संपलेली असते. शेफर १९६५ मध्ये उलट दिशेने चालला तेव्हा तो निघाला १९ जुलैला. आजही उत्तरेकडून निघणारे थोडेच. बर्फ वितळून कटाडिन उघडला की बरेच जण जूनच्या सुरुवातीला खाली उतरतात आणि थेट मेनमधल्या शंभर मैलांच्या निर्मनुष्य पट्ट्यात, ऐन ब्लॅकफ्लायच्या तोंडी जातात.

तिथला दिवस माशीच्या घड्याळाप्रमाणे चालतो. पहाटे गारठा असेपर्यंत माशी उडत नाही, तेवढ्यात तंबू गुंडाळायचा. चहा चालता चालता. पँट मोज्यांत खोचलेली, बाह्या मनगटापर्यंत, कपडे फिके, कारण गडद निळ्याकाळ्यावर माशी जास्त बसते. ओढ्यावर पाणी गाळायला थांबलं की ढग जमतो. विश्रांती फक्त वारं असलेल्या उघड्या कड्यावर, मग तो तीन तासांनी येवो. जेवताना जाळी हनुवटीपर्यंत उचलायची, घास आत सरकवायचा, जाळी खाली. शौचाला बसण्याचा वेग या काळात जगातला कुठलाही योगाभ्यास देणार नाही. अंधारायला लागलं की माशी ओसरते आणि डास येतात.

दुसऱ्या महायुद्धाने बाटली बदलली. पॅसिफिकच्या जंगलांत सैनिक मलेरियाने पडू लागले, तेव्हा फ्लोरिडातल्या ऑर्लँडोच्या सरकारी प्रयोगशाळेत हजारो रसायनं तपासण्याची मोहीम सुरू झाली. १९४६ मध्ये अमेरिकी लष्कराच्या हाती डीट हे कीटक पळवणारं रसायन आलं, १९५७ मध्ये ते बाजारात उतरलं. वास कमी आणि असर तासन्‌तास. मात्र घड्याळाचा पट्टा, चष्म्याची फ्रेम, अशा कित्येक प्रकारचं प्लास्टिक ते खातं. पुढे गोचिडीचं प्रकरण आलं. कनेटिकटमधल्या लाइम गावाजवळ १९७५ मध्ये मुलांचे सांधे सुजू लागले, त्यांच्या आयांनी पिच्छा पुरवला, आणि १९८२ मध्ये विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाने त्यामागचा हरणांवरच्या गोचिडीतला जंतू ओळखला. तेव्हापासून मुक्कामावर पोचल्यावरचं पहिलं काम स्वयंपाक नाही. गुडघ्यामागे, काखेत, कमरपट्ट्याखाली चाचपणं. केसांतल्या तपासणीसाठी अनोळखी माणसापुढे मान वाकवण्यात कोणाला काही वाटत नाही.

राहता राहिलं शेल्टर. ट्रेलवरचा जुना निवारा म्हणजे ओंडक्यांच्या तीन भिंती, उतरतं छप्पर आणि चौथी बाजू सताड उघडी. ॲडिरॉन्डॅकच्या वाटाड्यांची ही रचना, ते सालींनी बांधायचे; १९३० च्या दशकात सरकारी रोजगार योजनेतल्या पोरांनी मेनमध्ये ती ओंडक्यांनी पक्की केली. अनेकांना ती अर्धवट वाटते. तशी ती नव्हती. उघड्या बाजूसमोर रात्रभर शेकोटी असायची, तीत ओली साल, कुजकं लाकूड टाकायचं, आणि धूर आत रेंगाळायचा. आमच्या भोरकडच्या गोठ्यात संध्याकाळी कडुलिंबाचा पाला धुमसत ठेवत, त्यातलाच हा प्रकार. धूर ही चौथी भिंत होती.

आता शेकोट्या कमी झाल्या. आसपासची लाकडं संपली, आगीचं भय वाढलं, तळहाताएवढी गॅसची शेगडी आली. धूर गेला आणि इमारत तशीच उरली. तिच्यात झोपणारा जूनच्या रात्री डासांपुढे उघडा पडतो, म्हणून नवखे लोक आतच तंबू उभारतात, आणि जुने जाणते त्यांच्यावर डाफरतात, कारण तंबूने तिघांची जागा अडते. रीत म्हणून ते बरोबरच आहे. पण त्याच जाणत्यांपैकी जे दर वसंतात छपरं दुरुस्त करायला कुऱ्हाड घेऊन येतात, त्यांना मी विचारत असते की दर्शनी बाजूला जाळी ताणायला चार खिळे का ठोकत नाही. उत्तर येतं, परंपरा बिघडेल. धूर गेला तेव्हाच ती बिघडली, असं मी म्हणते. यंदाही खिळे कोणी ठोकलेले नाहीत.