सहा मिनिटे वीस सेकंद

२० जून १९९९, रविवार. नॉर्थ कॅरोलिनातले पाइनहर्स्ट, कोर्स क्रमांक २. यूएस ओपनचा शेवटचा दिवस, अठरावा होल. पेन स्टुअर्टचा चेंडू होलपासून १५ फुटांवर आहे. पट गेला तर विजेतेपद. चुकला तर सोमवारी फिल मिकल्सनशी पुन्हा अठरा होल. पट जातो. गोल्फच्या चार प्रमुख स्पर्धांमधले हे स्टुअर्टचे तिसरे विजेतेपद. याआधी १९८९ ची पीजीए चॅम्पियनशिप आणि १९९१ ची यूएस ओपन. १९९८ मध्ये याच स्पर्धेत शेवटच्या दिवशी चार फटक्यांच्या आघाडीने उतरून तो एका फटक्याने हरला होता. वय ४२. अजून १२७ दिवस.

जुलै १९९९. फ्लोरिडात सॅनफर्डला एका चार्टर कंपनीकडे लिअरजेट ३५ जातीचे विमान आहे. १९७६ ची बांधणी, नोंदणी क्रमांक एन-४७-बीए. त्याच्या देखभालीच्या कागदांत केबिनमधल्या हवेच्या दाबाची तक्रार एकाहून अधिक वेळा आलेली आहे, या महिन्यातही. कामे झाल्याच्या नोंदी आहेत. नेमके काय बिघडले होते आणि ते कशाने सुटले, हे त्या नोंदींवरून नीट लागत नाही. विमान उडत राहते.

२६ सप्टेंबर. बोस्टनजवळ ब्रुकलाइनला रायडर कप, अमेरिका विरुद्ध युरोप. अमेरिकेचा विजय नक्की झाल्यावर, प्रेक्षकांच्या शिव्या दिवसभर खाल्लेल्या कॉलिन माँटगोमरीला स्टुअर्ट शेवटचा पट न मारू देताच सामना बहाल करतो. अजून २९ दिवस.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार. ऑर्लँडोला डिस्नेच्या कोर्सवरच्या स्पर्धेत स्टुअर्ट दोन फेऱ्यांनंतर बाद होतो. घर याच शहरात. पुढची स्पर्धा गुरुवारी ह्यूस्टनला, टूर चॅम्पियनशिप: वर्षभराच्या कमाईत पहिल्या तिसांत असलेल्यांसाठी. मधल्या सोमवारी डॅलसला एक काम आहे. तो ज्या विद्यापीठात शिकला, त्या सदर्न मेथडिस्टच्या संघासाठी नवा कोर्स बांधायचा विचार चालू आहे. जागा पाहायची, बोलणी करायची, मग ह्यूस्टन. सोबत त्याचे दोन एजंट आणि कोर्सची आखणी करणारा एक वास्तुरचनाकार. विमान भाड्याचे ठरते.

२५ ऑक्टोबर, सोमवार. यापुढच्या सगळ्या वेळा फ्लोरिडाच्या घड्याळाच्या. विमान जिथे पडले तिथले घड्याळ एक तास मागे होते.

सकाळी सॅनफर्डच्या तळावर दोन वैमानिक येतात. कॅप्टन ४२ वर्षांचा, हवाई दलातून आलेला, एकूण ४,२८० तासांचा अनुभव. पण या कंपनीत फक्त ६० तास, त्यातले लिअरजेटचा मुख्य वैमानिक म्हणून ३८. सहवैमानिक २७ वर्षांची तरुणी, १,७५१ तास. टाक्यांत ५,३०० पौंड इंधन भरले जाते. डॅलस दोन तासांवर आहे. इंधन त्याच्या जवळपास दुप्पट वेळ पुरेल एवढे. यात गैर काही नाही, उलट शहाणपणाच आहे. त्या दिवशी या जादा इंधनाने एवढेच केले, की शेवट लांबवला.

विमान सॅनफर्डहून जवळच्या ऑर्लँडो विमानतळावर येते. प्रवासी चढतात, गोल्फच्या बॅगा चढतात.

९:१९. उड्डाण.

९:२१:४६. जॅक्सनव्हिलच्या नियंत्रण केंद्राशी पहिला संपर्क. विमान ९,५०० फुटांवरून वर जात आहे. २६,००० पर्यंत चढायची परवानगी मिळते.

९:२३:१६. मार्ग मिळतो: आधी क्रॉस सिटी, तिथून सरळ डॅलस. म्हणजे फ्लोरिडाच्या उत्तर भागात विमानाने डावीकडे, पश्चिमेला वळायचे.

९:२७:१०. सहवैमानिक नव्या नियंत्रकाला कळवते, की २३,००० फूट ओलांडत आहोत.

९:२७:१३. नियंत्रक ३९,००० फुटांपर्यंत चढायला सांगतो.

९:२७:१८. ती आकडा परत म्हणून दाखवते आणि विमानाच्या नावाची शेवटची दोन अक्षरे जोडते. एवढेच. तपास करणाऱ्यांनी नंतर हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकले. उच्चार स्पष्ट आहेत, जीभ जड झालेली नाही, मागे कुठलाही भोंगा नाही. केबिनमधला दाब १०,००० फुटांवरच्या हवेइतका खाली गेला की लिअरजेटमध्ये भोंगा वाजू लागतो. म्हणजे ९ वाजून २७ मिनिटे १८ सेकंदांनी तो वाजत नव्हता.

मग रेडिओ शांत होतो. यात वावगे काही नाही. चढत्या विमानाला बोलण्यासारखे काही नसते आणि नियंत्रकाच्या पडद्यावर इतर विमाने असतात. ठिपका चढतो आहे, सांगितल्याप्रमाणे चढतो आहे.

या घटनेबद्दल पुढे जे लिहिले गेले, त्यातले बहुतेक त्या पावणेचार तासांबद्दल आहे, ज्यांत लढाऊ विमाने आहेत, टीव्ही आहे, गोठलेल्या काचा आहेत. मला वाटते, पाहण्यासारखी वेळ ही आहे, आणि नेमकी हीच कोणी पाहिली नाही.

या मिनिटांत काय झाले याचा साक्षीदार नाही. जे कळले ते उलट्या बाजूने, अवशेषांवरून. इंजिनातली गरम, दाबाखालची हवा केबिनमध्ये सोडणारा एक झडप-यंत्रणेचा भाग असतो. तो बंद अवस्थेत सापडला. तो का बंद झाला, माणसाने केला की आपोआप, ते ठरवता आले नाही. वैमानिकांच्या प्राणवायूच्या बाटलीची झडप उघडी होती. मास्कचे मायक्रोफोन जोडलेले होते. मास्क हाताच्या अंतरावर होते.

आणि वेळ किती होता? ३०,००० फुटांच्या आसपास दाब एकदम गेला, तर प्राणवायूविना फक्त ८ सेकंद गेले तरी विचार मंदावू शकतो, गुंतागुंतीच्या कामाला जास्त वेळ लागू लागतो. माणूस बेशुद्ध नसतो. त्याला आपण ठीक आहोत असेच वाटते. प्रवासी विमानात सीटचा पट्टा बांधताना आपण न ऐकता ऐकतो ती सूचना, आधी स्वतःचा मास्क लावा, ती यासाठी आहे. लिअरजेटच्या पुस्तिकेत दाब कमी होऊ लागल्यावर करायच्या गोष्टींची जी यादी होती, तिच्यात मास्क पहिल्या क्रमांकावर नव्हता. आधी दाबाची यंत्रणा तपासून पाहायची, बटणे फिरवून पाहायची. कॅप्टनने तसे केले की नाही, याचा पुरावा नाही. पण यादी तसे करायला सांगत होती.

९:३३:३८. नियंत्रक विमानाला दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जायला सांगतो. उत्तर नाही. शेवटच्या शब्दांना ६ मिनिटे २० सेकंद झाली आहेत. विमान ३६,५०० फुटांच्या आसपास आहे आणि चढतेच आहे.

पुढच्या साडेचार मिनिटांत आणखी पाच हाका. उत्तर नाही.

विमान पश्चिमेला वळत नाही. ३९,००० वर थांबतही नाही. ऑटोपायलट दिलेली दिशा धरून वायव्येला निघाला आहे आणि त्याला थांबवणारे कोणी नाही. नियंत्रण केंद्रे एकमेकांना फोन करतात, वाटेतली विमाने बाजूला काढली जातात.

१०:५२. फ्लोरिडातल्या एग्लिन तळाचे एक एफ-१६ हवेतच होते. त्याला लिअरजेटच्या मागावर पाठवलेले असते. ते आता आठ सागरी मैलांवर पोहोचते. शेवटच्या शब्दांना ८५ मिनिटे झाली आहेत.

१०:५४. अंतर २,००० फूट. उंची सुमारे ४६,४०० फूट. लिअरजेट ३५ ला ४५,००० फुटांपर्यंतच उडायची मान्यता आहे. एफ-१६ चा वैमानिक दोनदा रेडिओवर हाक देतो.

११:००. तो जवळ जाऊन विमान न्याहाळतो. कुठे भोक नाही, तडा नाही. दोन्ही इंजिने चालू. अंगावरचा लुकलुकणारा दिवा चालू. प्रवाशांच्या खिडक्या काळोख्या. कॉकपिटची उजवी काच पूर्ण अपारदर्शक, आतून बाष्प किंवा बर्फ बसल्यासारखी. डावी काचही तशीच, फक्त एक छोटा चौकोन साफ; त्यातून आतली माणसे दिसत नाहीत. सुकाणूची पाती जागची हलत नाहीत.

काचेवरचा तो थर हीच त्या सकाळची सगळ्यात बोलकी खूण होती. गरम हवा केबिनमध्ये यायची थांबली होती. बाहेरचे तापमान शून्याच्या खूप खाली होते.

११:१२. एफ-१६ मागे फिरते. एव्हाना बातमी वाहिन्यांवर पोहोचू लागली आहे: एक खाजगी जेट, कोणी बोलत नाही, देशाच्या मध्यावरून जात आहे.

विमान आता वर चढते, थोडे खाली येते, पुन्हा चढते. कमाल नोंद ४८,९०० फूट.

१२:१३. ओक्लाहोमाच्या एअर नॅशनल गार्डची दोन एफ-१६ येतात. तेच चित्र. आत हालचाल नाही. एव्हाना आतल्या माणसांना आम्ही दिसायला हवे होतो, असे वैमानिक कळवतो. काही वेळाने ती इंधन घ्यायला जातात.

१२:५०. नॉर्थ डकोटाची दोन एफ-१६ येतात. आता हवेत चार लढाऊ विमाने आणि इंधन देणारे एक टँकर आहे. यांपैकी कोणालाही करण्यासारखे काही नाही. जमिनीवर एकच हिशेब चालू आहे: इंधन केव्हा संपेल आणि तेव्हा खाली काय असेल.

१:१०:४१. इंजिनांचा आवाज उतरू लागतो. इंधन संपले. वेग घटतो, कॉकपिटमध्ये दांडा थरथरून धोक्याची सूचना देतो, ऑटोपायलट सुटतो. विमान उजवीकडे कलते.

हे सेकंद इतके नेमके माहीत आहेत, कारण कॉकपिटचा ध्वनिमुद्रक चालू होता. त्याची फीत ३० मिनिटांची, फिरती. नवे ध्वनी जुन्यांवर चढत जातात. उड्डाणाची इतर माहिती टिपणारी दुसरी पेटी या विमानात नव्हती. म्हणून ९:२७ ते ९:३३ मध्ये कॉकपिटमध्ये कोण काय बोलले, ते फितीवरून सातेक वेळा पुसले गेले होते. शिल्लक अर्ध्या तासात माणसाचा आवाज नाही. केबिनचा दाब गेल्याचा भोंगा आहे.

१:११:२६. नॉर्थ डकोटाचा वैमानिक कळवतो, की विमान गिरक्या घेत वेगाने खाली चालले आहे. ओक्लाहोमाचा एक वैमानिक मागोमाग खाली उतरतो.

१:१३. साउथ डकोटा, ॲबरडीनजवळच्या मायनाच्या परिसरात, मोकळे शेत. स्थानिक वेळ दुपारी १२:१३. वेग ध्वनीच्या वेगाजवळ. ऑर्लँडोपासून सुमारे १,५०० मैल. सहा जण. जमिनीवर कोणालाही इजा नाही.

२८ ऑक्टोबर, गुरुवार. ह्यूस्टनला टूर चॅम्पियनशिप २९ जणांसह सुरू होते. शुक्रवारी ऑर्लँडोला प्रार्थनासभा आहे, म्हणून त्या दिवशी खेळ नाही. राहिलेले होल गुरुवारी आणि शनिवारी वाटून घेतले जातात. टायगर वुड्स जिंकतो.

जून २०००. पेबल बीच. यूएस ओपन गतविजेत्याविना. स्पर्धेच्या आधी सकाळी २१ गोल्फपटू अठराव्या होलजवळ रांगेत उभे राहून एकेक चेंडू पॅसिफिकमध्ये मारतात. वुड्स इथेही जिंकतो, १५ फटक्यांनी.

नोव्हेंबर २०००. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल. कारण असे दिले आहे: केबिनचा दाब गेल्यावर प्राणवायू न मिळाल्याने वैमानिक निकामी झाले. दाब का गेला? अनिश्चित. प्राणवायू का मिळाला नाही? तेही अनिश्चित. शिफारशींतली एक अशी, की दाबाचा भोंगा वाजताच मास्क लावणे ही प्रत्येक यादीतली पहिली ओळ असावी.

१४ ऑगस्ट २००५. सायप्रसहून अथेन्सला निघालेले हेलिओस कंपनीचे बोइंग ७३७. चढताना भोंगा वाजला. वैमानिकांनी तो दुसऱ्याच बिघाडाचा समजून कंपनीच्या संचालन केंद्राशी चर्चा सुरू केली. विमानात १२१ जण होते.