बाटलीतला जिन आणि निळा पडदा

1940 सालच्या 'द थीफ ऑफ बगदाद'मध्ये बाटलीतून अवाढव्य जिन बाहेर पडतो आणि म्हैसूरहून आलेला पोरगेला नट साबू त्याच्या पायाशी किडामुंगीएवढा दिसतो. ही करामत ट्रिकदृश्यं करणाऱ्या लॅरी बटलर यांच्या निळ्या पडद्याची: नटाला त्यापुढे उभं करून चित्रित करायचं, मग निळ्याच्या जागी दुसरं दृश्य बसवायचं. माणसाच्या कातडीत निळा रंग सर्वांत कमी, म्हणून तोच निवडला. चित्रपटाच्या ट्रिकदृश्यांना ऑस्कर मिळालं. पण नीट निरखलं तर आकृत्यांभोवती निळसर कडा दिसतेच.

खरी डोकेदुखी केसांची. केस, धूर, काच यांच्या आरपार पडदा डोकावतो, तिथे कात्री चालवायची कुठून? 'बेन-हर'साठी (1959) पेट्रो व्लाहोस यांनी वेगळाच हिशेब मांडला: चित्रात जागोजागी निळा हिरव्यापेक्षा किती जास्त आहे, ते पाहायचं. जितका जास्त, तितकी पार्श्वभूमी. मग भुरभुरणारी बटही टिकली.

पुढे डिजिटल कॅमेरे आले. त्यांच्या बहुतेक सेन्सरांवर हिरवे ठिपके लाल किंवा निळ्यांच्या दुप्पट असतात. त्यामुळे हिरवा रंग अधिक स्वच्छ टिपला जातो; पडदा निळ्याचा हिरवा होण्यामागे हे एक मोठं कारण.

पार्श्वभूमी काढणारे आजचे अनेक डिजिटल फिल्टर हिरव्याची तुलना लाल-निळ्याशी करतात, गालावर सांडलेली हिरवी झाक पुसतात. मूळ हिशेब व्लाहोस यांचाच. आणि पोपटी साडी नेसून हिरव्या पडद्यापुढे बसलेल्या निवेदिकेचं धड आजही गायब होतं.