हळद लागलेले नवरदेव

मराठी माणसानं पाखरांना नावं देताना हात आखडता घेतलेला नाही. भारद्वाज, कोतवाल, धोबी, सुगरण, राघू. पावशा तर चक्क माणसासारखं बोलतो आणि शेतकऱ्याला 'पेर्ते व्हा' म्हणून सांगतो, असं आपण ठरवूनच टाकलंय. बेडकाच्या वाट्याला मात्र एकच नाव आलं आणि एकच बोली आली, डराव डराव. तसा भाषेत बेडूक भरपूर. दंड फुगवला की बेटकुळी येते. ज्याला जगाची खबर नाही तो विहिरीतला बेडूक. पाऊस लांबला की धोंडी निघते, पोरं कडुलिंबाचा पाला बांधतात, काठीला बेडूक बांधून दारोदार पाणी मागत फिरतात. पण तो बेडूक कुठला, हे कुणी विचारत नाही.

आमच्या घरात ते विचारलं जायचं, कारण आमची आजी. गाव माणगावच्या अंगाला, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. (रायगड हे नाव १९८१ साली आलं.) आजीला अक्षरओळख नव्हती आणि रात्री तिला फारसं दिसतही नसे. तशीही पावसाळ्यातल्या रात्री कुणाला काय दिसतं? कंदील ओटीवर, पुढं सगळा काळोख. बेडूक ओळखायचा तो कानानं. तिनं ठेवलेली नावं गावभर चालत होती असं नाही, आमच्या चार घरांपुरतीच होती. पण होती.

वळवाचा एखादा पाऊस पडून गेला, जमिनीतून वाफ यायला लागली, की पहिला बोलायचा तो अंगावर फोड असलेला, ओटीच्या कडेला दिव्याखाली किडे टिपत बसणारा. शहाणे लोक त्याला भेक म्हणतात. त्याचा आवाज दिसण्याच्या अगदी उलटा, गोड आणि लांबलचक, कुर्रर्रर्र... श्वास न घेता चाललेला. आजी म्हणायची, "दळणारीण बसली बघ." खाचरात पाणी साचलं की एक किर्रकिर्र सुरू व्हायची. पाहुणे त्याला रातकिडे समजत. ते रातकिडे नव्हेत, बोटाच्या पेराएवढे बेडूक. एवढ्याशा देहातून एवढा आवाज कसा निघतो याचं उत्तर त्याच्या गळ्याखालच्या पिशवीत आहे. नर तोंड मिटून छातीतली हवा तोंडात आणि तोंडातली परत छातीत ढकलतो. ती पिशवी फुग्यासारखी ताणली जाते आणि आवाज लांबवर फेकते. एकाच श्वासावर बराच वेळ गाणं चालतं.

न्हाणीघराच्या भिंतीवर किंवा रांजणामागे चिकटून बसणारा, बोटांच्या टोकांना गोल टिकल्या असलेला, तो सुतार. टक, टक, टक-टक, लाकडावर ठोकल्यासारखं. हौदाच्या भिंतीवर पाण्याच्या वर फेसाचा पांढरा गोळा चिकटलेला दिसला तर तो त्यांच्या जोडीचा. अंडी त्या फेसात असतात आणि पिल्लं निघाली की खाली पाण्यात टपकतात. नव्या सुना तो फेस साबणाचा समजून खरवडायच्या, आणि मग आजीचा तोंडपट्टा.

आणि नवरदेव.

मृगाचे पहिले मोठे दोन-तीन पाऊस झाले, राबात पेरलेलं उगवून यायच्या आत, शेताच्या खोलगट भागात एका रात्रीत गलका उठायचा. एरवी हे बेडूक बांधाच्या रंगाचे, शेवाळी, पाठीवर पट्टे असलेले, समोर बसले तरी दिसत नाहीत. त्या चार दिवसांत मात्र नर पिवळेधमक होतात, लिंबासारखे, आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येतात. सकाळी बांधावर उभं राहिलं तर उथळ पाण्यात पन्नास-साठ पिवळे गडी एकमेकांच्या अंगावर उड्या मारताना दिसत. हळद्या म्हणावं, तर ते नाव पाखरानं आधीच घेतलेलं. म्हणून आजीचे हे नवरदेव. आवाज त्यांचा भसाडा, खोलातून आलेला. ऋग्वेदात, सातव्या मंडलात, बेडकांवर एक सबंध सूक्त आहे. त्यात कुणाचा आवाज गायीसारखा, कुणाचा बकरीसारखा, असा भेद केलेला आहे. आजीला वेद माहीत असण्याचं कारणच नव्हतं. पण नवरदेव बोलायला लागले की ती म्हणायची, "गोठा सुटला रे!" कान चांगला असला की माणूस त्याच उपमेपाशी जातो, मग तो ऋषी असो की आमची आजी.

याच नवरदेवांवर पुढं संक्रांत आली.

भारतातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जाऊ लागल्या त्या १९५० नंतरच्या काळात. गोठवून, खोक्यांत भरून, युरोप-अमेरिकेत. वाढत वाढत १९८१ साली हा आकडा चार हजार टनांच्या वर गेला. त्यातला मोठा वाटा याच जातीचा, कारण मांसल तंगडी याचीच. आमच्याकडे एक व्यापारी टेम्पो घेऊन यायचा. नाव सांगण्यात अर्थ नाही, तो नसता तर दुसरा आला असता. रात्री पेट्रोमॅक्स घेऊन माणसं खाचरात उतरत. डोळ्यांवर झगझगीत उजेड पडला की बेडूक जागचा हलत नाही. हातानं उचलायचा आणि पोत्यात टाकायचा. पुढं कंबरेपासून कापून वरचा भाग फेकून देत. तो भाग बराच वेळ हलत असे.

पकडणारे बहुतेक वाडीवरचे कातकरी. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. आषाढ म्हणजे कणगीचा तळ दिसायचे दिवस. लावणीची मजुरी हातात यायला वेळ असायचा, आणि पेट्रोमॅक्सचे पैसे सकाळी रोख. वाईट होता तो मुहूर्त. नवरदेव गोळा होतात ते अंडी घालण्याच्या वेळी, आणि ओरडून आपला पत्ता स्वतःच देतात. एरवी वर्षभर शोधून पोतं भरलं नसतं. त्या चार रात्रींत दहा भरायची, आणि त्यांच्याबरोबर पुढच्या वर्षाची अंडीही जायची.

त्याच सुमारास जया, रत्ना ही बियाणी आली, युरिया आला, तुडतुडे आणि खोडकिडा वाढला, आणि त्यावर बीएचसीची भुकटी. बेडूक गेले म्हणून कीड आली असा सरळ हिशेब मी मांडणार नाही, सगळं एकाच दशकात उलटंपालटं झालं. पण बांधावर बसून रात्रभर किडे खाणारा फुकटचा गडी विकायचा आणि विकतची भुकटी आणायची, हा व्यवहार काही शहाणपणाचा नव्हता. मुंबईचे पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी या निर्यातीविरुद्ध सातत्यानं लिहिलं. १९८५ साली या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि १९८७ साली भारतानं तंगड्यांची निर्यातच बंद केली. गोव्यात अजून पावसाळ्यात 'जंपिंग चिकन' या नावानं चोरून खाल्ला जातो, आणि वनखात्याची माणसं रात्री गस्त घालतात.

अब्दुलअलींच्या नावाचा एक बेडूकही आहे, सह्याद्रीच्या ओढ्यांतला. १९५५ साली त्याचं शास्त्रीय बारसं झालं. २०१६ साली याच जातीबद्दल छापून आलं की तिच्यात मादीही आवाज काढते, जे बेडकांत क्वचित घडतं. तो अभ्यास साताऱ्याकडच्या जंगलातला. आंबोलीच्या सड्यावरच्या वाघासारख्या पट्ट्यांच्या भेकाला तर २००९ पर्यंत शास्त्रात नावच नव्हतं. आजीची नावं त्याहून जुनी, फक्त कुणी छापली नाहीत.

आता गावात ती नावं कळणारा एकच माणूस उरलाय, आणि तो पोती भरणाऱ्यांपैकी. पंच्याहत्तरी ओलांडलेली, पाय अधू. पण आवाजावरून बेडूक केवढा, कुठल्या बांधाला, पाणी किती, हे तो अजून अंगणात बसून सांगतो. ती विद्या त्याला पोटानं शिकवली. गेल्या मृगात मी त्याच्याकडं बसलो होतो. वरच्या खाचरांवर आता फार्महाऊसं झालीत, भिंती घातल्यात, तिकडून काहीच येत नव्हतं. खालून, नदीच्या अंगानं, तेवढा गलका होता. त्यानं मान तिरकी केली, बोटं मोडत बसला.

"तेरा," तो म्हणाला. "चौदावा लहान आहे, या साली पहिल्यांदाच बोलतोय."