तिसऱ्या तारेची गोष्ट

घरच्या घरी रेकॉर्डिंग करायचं खूळ एकदा डोक्यात शिरलं की पहिले काही दिवस मस्त जातात. माइक येतो, ऑडिओ इंटरफेस येतो, टेबलावर दोन स्पीकर विराजमान होतात. मग एका रात्री रस्त्यावरची वाहतूक थांबते, तुम्ही हेडफोन काढून स्पीकर लावता आणि ऐकू येतं... हंऽऽऽऽ. कुणीही न बोलावलेला तानपुरा! आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ, त्यामुळे हा तानपुरा ५० आणि त्याच्या पटींत लागलेला असतो.

कुणा जाणकाराला विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं, "बॅलन्स्ड केबल वापर." साध्या केबलमध्ये दोन वाहक असतात, हिच्यात तीन. पण एक तार वाढली म्हणून घरघर का जावी? याचं उत्तर शोधत मी बरेच वीकांत खर्ची घातले, आणि ते सापडलं स्टुडिओत नाही, तर टेलिफोनच्या आणि ट्रामच्या भांडणात.

सुरुवात करू १८३८ पासून. वीज वाहायची तर वाट पूर्ण हवी, जायला एक तार आणि परत यायला एक. जर्मनीतले कार्ल ऑगुस्ट फॉन श्टाइनहाइल न्यूरेम्बर्ग-फ्यूर्थ रेल्वेचे रूळच तारायंत्राच्या तारा म्हणून वापरता येतात का, ते बघत होते. ते काही जमेना, कारण वीज रुळांतून जमिनीत झिरपायची. पण त्यातूनच त्यांच्या लक्षात आलं की परतीची तार नसली तरी चालतं, जमीनच परतीचं काम करते! म्हणजे तांब्याचा खर्च एकदम निम्मा. तारायंत्रवाल्यांनी ही युक्ती जगभर उचलली. टिकटिक आहे की नाही एवढंच कळायला हवं असल्याने थोडीफार खरखर त्यांना चालून जायची. (आजच्या भाषेत, डिजिटल होतं ते!)

१८७६ साली ग्रॅहॅम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं, आणि टेलिफोनही त्याच पद्धतीने, एका तारेवर आणि जमिनीच्या भरवशावर धावू लागला. इथे मात्र पंचाईत झाली. टेलिफोनचा कान फार तिखट. शेजारच्या तारायंत्राची टिकटिक, दुसऱ्या ग्राहकांचं बोलणं, ढगाळ हवेतली कडकड, सगळं त्यात ऐकू यायचं.

आम्हा प्रोग्रॅमर मंडळींना हे दुखणं चांगलं ओळखीचं आहे. जमीन म्हणजे ग्लोबल व्हेरिएबल. कुणीही यावं, काहीही लिहून जावं, आणि तुम्ही वाचायला गेलात की भलतंच हाती लागावं.

उपाय खुद्द बेलनेच १८८१ च्या एका पेटंटमध्ये दिला होता. जमिनीचा नाद सोडा, परतीसाठी दुसरी तार टाका आणि दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळून घ्या. पिळल्यामुळे दोन्ही तारा बाहेरच्या उपद्रवापासून सरासरी सारख्याच अंतरावर राहतात. त्याच वर्षी जॉन कार्टी नावाच्या तरुणाने बॉस्टन ते प्रॉव्हिडन्स अशी दोन तारांची लाइन जोडून पाहिली आणि बोलणं स्वच्छ ऐकू आलं. मग हे लगेच सगळीकडे का झालं नाही? कारण नेहमीचंच, पैसा. शहरभर दुप्पट तार टाकायची कुणी?

मग आली ट्राम. १८८८ साली फ्रँक स्प्रेगने अमेरिकेतल्या रिचमंड शहरात विजेच्या ट्रामचं मोठं जाळं चालवून दाखवलं आणि शहरोशहरी तिची साथ पसरली. डोक्यावर एकच तार, आणि वीज परत कुठून? तर रुळांतून! रुळांतून ती जमिनीत पसरायची आणि त्याच जमिनीवर विसंबलेले टेलिफोन भुंग्यासारखे गुणगुणायला लागायचे. श्टाइनहाइल रुळांवरून जमिनीकडे गेला होता, आता रूळच जमिनीत येऊन बसले.

टेलिफोन कंपन्या कोर्टात गेल्या. 'आम्ही आधी आलो, ट्रामवाल्यांना दुसरी तार टाकायला लावा,' असा त्यांचा रोख. सिनसिनाटीतला असाच एक खटला ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. १८९१ साली न्यायालयाने कौल दिला ट्रामच्या बाजूने. रस्ते मुळात लोकांच्या जाण्यायेण्यासाठी आहेत, आणि जमिनीतून वीज परत नेण्याचा हक्क कुणा एकाला आंदण मिळालेला नाही. टेलिफोन कंपनीला त्रास होत असेल, तर तिने आपली सोय आपण बघावी.

मला हा निकाल फार आवडतो. बाहेरचा गोंगाट बंद पाडायचा रस्ताच टेलिफोनवाल्यांसाठी संपला. तेव्हा गोंगाट आहेच असं धरूनच लाइन बांधायची, हे ओघाने आलं. काहींनी सगळ्या ग्राहकांना मिळून परतीची एकच सामाईक तार टाकून वेळ मारून नेली, पण शेवटी दोन तारांना पर्याय उरला नाही.

आता हिशेब बघू. समजा सिग्नल १ व्होल्टचा आहे. साध्या केबलमध्ये वाटेत ०.१ व्होल्टची घरघर मिसळली, तर पलीकडे १.१ पोहोचतात, आणि त्यातलं गाणं किती आणि घरघर किती हे सांगायची काही सोय नाही. बॅलन्स्डमध्ये एका तारेवर +०.५ आणि दुसरीवर -०.५ पाठवतात. घरघर दोन्हींवर सारखीच चढते, म्हणजे ०.६ आणि -०.४. पलीकडचं उपकरण फक्त दोन्हींतला फरक घेतं. ०.६ वजा -०.४ बरोबर १. घरघर गायब! दोन फाइलींचा 'डिफ' काढावा तसं. जे दोघींत सारखं ते गळून पडतं.

यातली एक मेख बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. घरघर जाते ती दोन्ही तारांवर उलटसुलट सिग्नल असतो म्हणून नाही. दोन्ही तारांचा जमिनीच्या संदर्भातला विद्युत अवरोध सारखा असतो, म्हणून दोघींवर उपद्रव सारखा चढतो आणि सारखा चढतो म्हणून वजा होतो. 'बॅलन्स' आहे तो हा. एका तारेवर सिग्नल अजिबात नसला तरी ही युक्ती चालते.

टेलिफोनची ही सगळी इस्टेट मग रेडिओ केंद्रांकडे आणि स्टुडिओंकडे गेली. गिटारला लावतो तो ६.३५ मिलिमीटरचा प्लग मूळचा टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरचा. त्याचे भाग टिप, रिंग आणि स्लीव्ह, आणि टेलिफोनवाल्यांच्या बोलीत लाइनच्या दोन तारा आजही 'टिप' आणि 'रिंग'च आहेत. तीन पिनांचा एक्सएलआर मात्र पुढचा, लॉस एंजेलिसच्या कॅनन कंपनीचा.

आता आपल्या टेबलाकडे येऊ. साध्या केबलमध्ये बाहेरची जाळी दोन कामं करते, आतल्या तारेला झाकायचं आणि सिग्नल परत आणायचा. शिवाय ती उपकरणाच्या अर्थिंगला जोडलेली. म्हणजे परतीची वाट पुन्हा सामाईक! लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर एका सॉकेटमध्ये, स्पीकर दुसऱ्यात, दोन्हींचं अर्थिंग भिंतीतून जोडलेलं आणि वरून केबलच्या जाळीनेही जोडलेलं. या वर्तुळातून समजा १० मिलिअँपिअर वाहिले आणि जाळीचा अवरोध ०.१ ओहम असला, तर १ मिलिव्होल्टची घरघर थेट गाण्यात. आकडा चिमुकला वाटेल, पण शांत खोलीत ती सहज ऐकू येते. १८८८ ची ट्राम अजून घरात फिरतेय म्हणायची. केबल सोन्याचा मुलामा दिलेली घ्या नाहीतर चांदीची, वाट सामाईक आहे तोवर ट्राम धावणारच.

थोडक्यात, इंटरफेस ते स्पीकर बॅलन्स्ड केबल लावा, पण दोन्ही टोकांची उपकरणं बॅलन्स्ड असतील तरच तिचा उपयोग. एका टोकाला साधं सॉकेट असेल तर तिसरी तार बहुधा नुसती शोभेची. स्टीरिओ हेडफोनचा प्लग दिसायला हुबेहूब तसाच असतो, पण त्यातल्या दोन तारा डाव्या-उजव्या कानाच्या, तिथे वजाबाकी नाही. गिटारची तीन-चार मीटरची साधी केबल ठीक आहे. लांब न्यायची तर मध्ये डीआय बॉक्स लावा.

आणि एक गोष्ट कधीही करू नका. घरघर घालवायला काही जण तीन पिनी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. घरघर जातेही, पण उद्या आत बिघाड होऊन धातूच्या डब्यात वीज उतरली तर तिला जायला तुमच्याखेरीज वाट उरत नाही. माइकला हात लावून गाणाऱ्या माणसाच्या जिवावरचा खेळ आहे तो.

गंमत म्हणजे हा धडा उपकरणं बनवणारेही अधूनमधून विसरतात. १९९५ साली नील मन्सी यांनी एका निबंधात दाखवून दिलं की बऱ्याच बॅलन्स्ड उपकरणांत जाळीची पिन बाहेरच्या पेटीला जोडण्याऐवजी आतल्या सर्किटच्या ग्राउंडला जोडलेली असते. मग उत्तम केबल लावूनही घरघर आत शिरते. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं सताड उघडं.

असो. मी मनाशी बांधलेली गाठ साधी आहे. अर्थिंगचं काम जीव वाचवायचं, त्याला गाणं वाहायला लावू नये. आणि गोंगाट थांबवणं आपल्या हाती नसेल, तर तो दोन्ही तारांवर सारखा चढेल एवढं बघावं. पुढचं काम वजाबाकी करते.