ससा, तितर आणि छर्‍याची बंदूक

आज किल्ले नाहीत, भोसल्यांचा दरबार पण नाही. आजचा विषय आला काटोलच्या माझ्या मावसभावाच्या फोनवरून. "दादा, तू इंजिनिअर आहेस ना, सशा-तितरासाठी कोणती एअरगन घेऊ? का आजोबांचीच दुरुस्त करू?"

आजोबांची बंदूक म्हणजे नळी मोडून स्प्रिंग ताणायची, छर्रा भरायचा, नळी मिटवायची. परीक्षा एकच: वीस पावलांवर काडेपेटी पडली पाहिजे. कारण छर्रा काही काडतूस नव्हे, सशाच्या डोक्यातल्या रुपयाएवढ्या जागी लागला तरच काम होतं. नाहीतर ससा पळतो आणि तुरीत कुठंतरी दोन दिवसांनी मरतो. हे आजोबाच सांगायचे, आणि सांगताना गप्प व्हायचे.

नागपूर मध्य प्रांताची राजधानी, त्यामुळे इथल्या शिकारीवर साहेबांनी भरपूर लिहून ठेवलंय. फोर्सिथचं १८७१ चं पुस्तक प्रसिद्धच आहे. पण तिथं वाघ, गवा, हत्तीवरचे तंबू. धुर्‍यावर बसून तितराची वाट बघणारा माणूस त्यात शोधावा लागतो.

तो माणूस कायद्यात मात्र सापडतो. १९७२ चा वन्यजीव कायदा आला म्हणजे शिकार त्याच दिवशी संपली, असं आपण समजतो. मी पण समजायचो. मूळ कायदा काढून वाचला तर त्यात शिकारीच्या परवान्यांची सोयच होती! चौथ्या अनुसूचीचं नावच 'स्मॉल गेम', म्हणजे छोटी शिकार. परवाना काढा, बंदीचा हंगाम पाळा, गाडीतून मारू नका, अशा अटी. ही खिडकी बंद झाली १९९१ च्या दुरुस्तीनं. त्यानंतर शिकारीचा परवाना हा प्रकारच उरला नाही. २०२२ च्या दुरुस्तीनं अनुसूच्या नव्यानं लावल्या आणि ससा दुसरीत गेला. आज तो मारला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कायद्याच्या व्याख्येत मारायचा प्रयत्न पण शिकारच.

हे सांगितलं तर भाऊ म्हणाला, "काहून दादा, दुकानात तर बिनालायसन भेटते ना!"

खरी गंमत इथंच आहे. बंदुकीचा कायदा वेगळ्या रस्त्यानं आला. १९५९ चा शस्त्र कायदा, मग १९६२ चे नियम. तेव्हाची कसोटी फळीची: इंचभर जाड मऊ लाकडातून छर्रा आरपार जात नसेल, तर परवान्याची गरज नाही. २०१६ च्या नियमांत फळी गेली, आकडे आले. नळी ०.१७७ इंचापर्यंत आणि ऊर्जा २० जूलपर्यंत असेल तर परवाना नको. हा आकडा ऐकायला खेळण्यासारखा वाटतो. हिशोब करा: अर्ध्या ग्रॅमचा छर्रा २० जूलला सेकंदाला सुमारे २८० मीटर जातो, म्हणजे ताशी हजार किलोमीटर! सशाला पुरून उरतो. म्हणजे बंदुकीला परवाना लागत नाही आणि सशासाठी परवाना मिळतच नाही. दुकानदार पहिलं वाक्य सांगतो, दुसरं सांगत नाही.

असं फक्त आपल्याकडेच नाही. अरुणाचलमध्ये २०२१ साली एअरगन जमा करायची मोहीम निघाली आणि गावकर्‍यांनी शेकड्यांनी बंदुका आणून दिल्या. पक्षीच दिसेनासे झाले होते.

भावाचा राग मला कळतो. रोही आणि डुकरं पीक खातात, त्याचा पंचनामा, अर्ज, हेलपाटे. पण छर्‍यानं डुक्कर मरत नाही, नुसतं जखमी होऊन अंगावर येतं. आणि त्याची परवानगी वनखात्याकडून वेगळी मागावी लागते.

दिवाळीत काटोलला गेलो. बंदूक काढली, वायसर बदललं, मागची माशी नीट बसवली. खळ्यावर मातीच्या ढिगापुढं पुठ्ठा लावला, बरोबर दहा मीटर. ऑलिंपिकमध्ये २००८ ला अभिनव बिंद्राला सुवर्ण मिळालं ते याच अंतरावर. तीन-चार प्रकारचे छर्रे मारून बघितले. प्रत्येक बंदुकीला आपलाच एक छर्रा मानवतो, हे आजोबांचं म्हणणं खरं निघालं. पाचपैकी चार छर्रे एका रुपयात!

भाऊ बघत होता. म्हणाला, "आता ससा असता तर?"

मी पुठ्ठा बदलला.