घोंगडी, नमदा आणि गालिचा

आमच्या वर्गातल्या मुलांना जमिनीवर अंथरलेली कोणतीही जाड वस्तू ‘कार्पेट’ वाटते. दोष त्यांचा नाही. घरोघरी आता तेच आहे, आणि तेही बहुधा कृत्रिम धाग्याचे. पण घोंगडी, नमदा आणि गालिचा ही तीन वेगळी कामे, आणि ती करणारे हातही वेगळे.

घोंगडी विणतात. दख्खनी मेंढीची काळी, राठ लोकर धनगर कातरतात. तिचे सूत काढून, ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन सणगर ती मागावर विणतात. अंथरायला तीच, पांघरायला तीच, पावसात डोक्यावर खोळ करून घ्यायलाही तीच. एकदा भिजली की लवकर वाळत नाही. रेंगाळलेल्या कामाला मराठीत ‘भिजत घोंगडे’ म्हणतात ते उगाच नव्हे.

नमदा विणत नाहीत. पिंजलेल्या लोकरीचे थर पसरायचे, साबणाचे पाणी शिंपडायचे, गुंडाळी करून हातापायांनी लाटत राहायचे. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. ते एकमेकांत अडकतात आणि धाग्याशिवाय कापड तयार होते. कापसाला हे साधत नाही. नमदा कापला तरी उसवत नाही, म्हणून तो खोगिराखाली चालतो आणि गार फरशीवरही. दक्षिण महाराष्ट्रात त्याला जेन म्हणतात. जुन्या मराठीत बुरणूस हाही शब्द आहे. अरबीत बुर्नुस म्हणजे टोपी असलेला लोकरी झगा. मराठीत येऊन तो अंगावरून जमिनीवर उतरला!

गालिच्यात मात्र ताण्याच्या धाग्यांवर एकेक गाठ मारावी लागते. अकबराने आग्रा, फत्तेपूर आणि लाहोरला त्याचे कारखाने उभारल्याचे अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवतो. निजामाच्या मुलखातल्या वरंगळचे गालिचे १८५१ साली लंडनच्या प्रदर्शनात मांडले गेले.

गालिचा, जाजम, तक्क्या, पडदा हे शब्द फारसी-तुर्कीकडून आले. घोंगडी आणि कांबळे इथलेच. यावरून बैठकीचा थाट मुसलमानांचा आणि घोंगडी धनगराची, अशी वाटणी सहज केली जाते. आम्हाला ती मान्य नाही. ‘सूफी’ हा शब्द बहुतेक अभ्यासक ‘सूफ’ म्हणजे लोकर यावरूनच लावतात, आणि ती लोकर फकिराच्या अंगावरची, जाडीभरडी. नातमध्ये रसूलुल्लाहांना ‘कमलीवाले’ म्हणतात. ही कमली गालिच्यापेक्षा घोंगडीच्याच जवळची.

शिवाय आपला पिंजारी कुठे गेला? तातीच्या धनुकलीने कापूस पिंजून गाद्या, उशा, लोड भरणारा हा मुसलमान कारागीर गावोगावच्या घरांत वावरला. दरबारी गालिच्यांवर ग्रंथ निघाले. पिंजाऱ्याचे काम आधी पिंजण्याच्या यंत्रांनी नेले, मग फोमच्या गाद्यांनी. जुन्या नाशकात बडी दर्ग्याच्या वाटेवर पिंजार घाट लागतो. त्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडून धनुकलीच्या भागांची नावे लिहून घ्या, असे काम आम्ही आमच्या मुलांना दिले आहे, उर्दूत आणि मराठीत, दोन्हीकडे.