एक आज्ञा, अनेक ओळी

शाळेच्या संगणकात नव्या ४० मुलांची नावे भरण्यासाठी मी ४० आज्ञा लिहिल्या. एका मुलाला चुकून दुसऱ्याचाच क्रमांक पडला होता. संगणकाने तेवढीच आज्ञा नाकारली. तो निरोप माझ्या नजरेतून निसटला. परीक्षेच्या आदल्या दिवशी यादीत नाव न सापडलेला तो पोर अजून डोळ्यांपुढे येतो.

मग मी या 'एसक्यूएल' भाषेचे मूळ शोधू लागलो. १९७० साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत मांडण्याची कल्पना दिली. १९७४ साली तिथल्याच चेंबरलिन आणि बॉइस यांनी तिला भाषा दिली. १९८६ च्या पहिल्या प्रमाणात 'व्हॅल्यूज'पुढे कंसात एकच ओळ देता येई. स्वल्पविराम देत कंसामागून कंस मांडण्याची मुभा १९९२ मध्ये मिळाली. ती पोस्टग्रेसक्यूएलमध्ये २००६ साली आली, ओरॅकलमध्ये यायला तर २०२३ साल उजाडले!

४० खेपांचे काम एका खेपेत होते, हा लाभ खराच. पण मला मोल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. एक ओळ चुकली, तर बहुधा सारी आज्ञाच परत येते. पंगतीत एक पान मांडायचे राहिले, तर वाढणे थांबते, तसे. तेव्हा मी एकच आज्ञा लिहिली असती, तर तो पोर एकटा मागे राहिला नसता.